करवा चौथ, सावन आणि काठीची बुचं: सणासुदीच्या मेलांचा बंदोबस्त

आषाढाचा दुसरा पंधरवडा होता. घरात गटारीचा बेत शिजत होता, म्हणजे मटण कुणी आणायचं यावर वाद चालू होता, आणि माझ्या मेलपेटीत 'सावन स्पेशल' येऊन पडला. उपवासाच्या पदार्थांची सजवलेली टोपली, कांदा-लसूण वर्ज्य, आजच घेतली तर सूट. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर बदलतो, आपल्याकडे अमावास्येनंतर, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. त्या दुकानाला माझा पिन कोड पाठ होता, पण त्या पिन कोडवर कुठलं पंचांग चालतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

पुढे कोजागरी झाली आणि करवा चौथची भेटपेटी आली: नक्षीदार चाळणी, ताट, मेंदीचे कोन. आमच्या घरात चाळणी फक्त पीठ चाळते. वटपौर्णिमेला मात्र एकाही दुकानाला आमची आठवण झाली नव्हती. संक्रांतीच्या वाणाला पन्नास-साठ सारख्या, स्वस्त आणि जरा बऱ्या दिसणाऱ्या वस्तू शोधताना बायको खरोखर मेटाकुटीला येते. तेव्हा आम्हाला लोहडीच्या शुभेच्छा येतात.

यावर उपाय शोधताना एक गोष्ट लक्षात आली. इथे दुखणी दोन आहेत आणि दोघांचं औषध वेगळं आहे. मेल फार येतात, हे पहिलं. त्यावर उपाय तोडण्याचा. सुचवलेल्या वस्तू चुकीच्या असतात, हे दुसरं. तिथे तोडून भागत नाही. दुकानाच्या वहीत आपल्या नावावर जे लिहिलं गेलंय ते खोडावं लागतं. बहुतेक लोक पहिलंच करतात आणि दुसऱ्याबद्दल कुरकुरत राहतात. मीही तेच करत होतो.

पितृपक्षात बसा

मोठे ऑनलाइन सेल घटस्थापनेच्या आगेमागे सुरू होतात आणि मेलांचा पूर तेव्हाच चढतो. त्याआधीचे पंधरा दिवस पुष्कळ घरांत नवी खरेदी करत नाहीत. या कामाला याहून चांगला मुहूर्त नाही (पितृपक्षातला मुहूर्त, पण असो). रविवारची दुपार घ्या, तासभर ठेवा आणि शक्यतो संगणकावर बसा. जीमेलमधली काही कामं, उदाहरणार्थ फिल्टर (ठरावीक मेल आपोआप बाजूला टाकणारा नियम) बनवणं किंवा शेकडो मेल एकदम निवडणं, फोनच्या ॲपमध्ये होतच नाहीत. पुढचं सगळं मी जीमेल धरून सांगतोय, कारण माझ्या ओळखीत दहातल्या नऊ जणांकडे तेच आहे.

बटणं दाबण्याआधी मेलांचे तीन ढीग मनाशी पाडा. पहिल्या ढिगात आपण स्वतः कधीतरी जिथून काही घेतलं ती दुकानं, ॲप्स, हॉटेलं. दुसऱ्यात ज्यांचं नावही ऐकलं नाही असे पाठवणारे. तिसऱ्यात लागणारे मेल: वीजबिल, तिकीट, बँक, विमा, मुलांची शाळा. तिसऱ्या ढिगाला हात लावायचा नाही. पहिल्या दोघांना लावायचा, पण एकच हात नाही, कारण ओळखीच्या दुकानाला चालणारा उपाय अनोळख्यावर उलटतो.

ओळखीच्यांना निरोप

जीमेलच्या डावीकडच्या यादीत 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' शोधा. 'मोअर' वर टिचकी मारल्यावर दिसेल. जुलै २०२५ पासून ही सोय हळूहळू सगळ्यांना मिळाली. तुम्हाला नेमाने मेल पाठवणाऱ्यांची यादी तिथे एकत्र दिसते, सर्वांत जास्त पाठवणारा वर, आणि कुणी अलीकडे किती पाठवले तेही कळतं. माझ्या यादीत पहिला नंबर एका चपलांच्या दुकानाचा होता. मी त्याच्याकडून आयुष्यात एकच जोड घेतला होता, तोही परत केला होता.

नावासमोरचं 'अनसबस्क्राइब' दाबत खाली या. पहिल्या दिवशी वीसच्या पुढे जाऊ नका, कंटाळा येतो आणि मग चुकून लागणारंही उडतं. एखादा मेल उघडला असेल तर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच तो शब्द दिसतो. मेलच्या तळाशी राखाडी बारीक अक्षरात दडवलेला दुवा शोधण्यापेक्षा हे बरं.

हे बटण दुकानांनी प्रेमानं दिलेलं नाही. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठी गूगलनं २०२४ मध्ये नियम केला: जाहिरातीच्या मेलातून एका टिचकीत बाहेर पडता आलं पाहिजे आणि ती विनंती दोन दिवसांत पाळली पाहिजे. 'याहू' या दुसऱ्या मेलसेवेनंही त्या वेळी तसाच नियम आणला. म्हणून निरोप दिल्यावर दोन-तीन दिवस थांबा. आठवड्यानंतरही मेल आला तर पुन्हा विनवणी नको, सरळ 'रिपोर्ट स्पॅम' दाबा. त्याच नियमात पाठवणाऱ्याच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहावं असंही आहे, म्हणजे हजार मेलांमागे तीन तक्रारी झाल्या तरी त्याला घाम फुटतो. तुमची एक टिचकी वाटते तितकी किरकोळ नाही.

काही दुकानं निरोपाच्या पानावर नाटक करतात. रडका कुत्रा दाखवतात, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहिलेलं बटण देतात, किंवा नऊ प्रकारचे मेल दाखवून त्यातला एकेक काढायला लावतात. लाज वाटायला लावून होकार मिळवण्याच्या या युक्तीला आपल्याकडे सरकारी नावही आहे, 'कन्फर्म शेमिंग'. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. विमा न घेणाऱ्या विमानप्रवाशाला 'मी असुरक्षित राहीन' असं म्हणायला लावणं हे त्यातलंच उदाहरण. 'फक्त दोन तास उरले' ही खोटी घाईही त्याच यादीत आहे. एखादं दुकान फारच छळत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. निरोपाच्या पानावरच्या पहिल्या दोन वाक्यांत मात्र फसू नका: पानाच्या तळाशी 'सगळ्यातून काढा' असा एक चौकोन बहुधा असतोच.

मोठ्या संकेतस्थळांवर आणखी एक जागा आहे. ॲमेझॉनच्या खात्यात 'कम्युनिकेशन प्रेफरन्सेस' म्हणून पान असतं. तिथे जाहिरातीचे सगळे मेल एकदम बंद होतात आणि ऑर्डरचे, पावतीचे चालू राहतात. घाबरायचं कारण नाही.

अनोळख्यांशी बोलू नका

दुसऱ्या ढिगात 'अनसबस्क्राइब' दाबायचं नाही. मेलच्या आतला दुवा तर मुळीच नाही. तुम्ही दाबलंत की पलीकडच्याला एवढंच कळतं की हा पत्ता जिवंत आहे आणि इथे कुणीतरी मेल उघडून बघतं. अशा पत्त्याची किंमत वाढते, कमी होत नाही. तिथे फक्त 'रिपोर्ट स्पॅम'. स्पॅममधलं तीस दिवसांनी आपोआप उडतं.

हे माझ्या मावशीला समजावताना मी हरलो होतो.

"अगं, याला उत्तर कशाला लिहिलंस?"

"अरे, किती अदबीनं लिहिलंय. 'प्रिय ग्राहक' म्हणून. नको असेल तर नको म्हणून कळवावं माणसानं. बरं दिसत नाही."

तिनं त्यांना 'सध्या आवश्यकता नाही, धन्यवाद' असं लिहिलं होतं. खाली स्वतःचं नाव, आणि फोन नंबर. घरातल्या साठीपुढच्या माणसांच्या फोनवर हा तासभर तुम्हीच बसा. ती पिढी पत्राला उत्तर देणारी आहे, तो त्यांचा दोष नव्हे.

ही खोड किती जुनी, तर ३ मे १९७८ ची. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्रीवाल्यानं अर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या पूर्वजावरच्या) सुमारे चारशे जणांना नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एकदम धाडलं. पत्त्यांची यादी इतकी लांबली की उरलेले पत्ते पत्राच्या मजकुरातच सांडले. लोक तेव्हाही चिडलेच होते.

साचलेला कचरा

जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून फुकट जागा १५ जीबी. ती भरत आली की गूगल पैसे मागतो, आणि मग लोक लग्नाचे फोटो उडवायला बसतात. त्याआधी प्रमोशन्सचा टॅब उघडा, जीमेल जाहिरातीचे मेल तिथे टाकतं. वरच्या रिकाम्या चौकोनात टिक केली की पानावरचे पन्नासच निवडले जातात, पण लगेच वर एक ओळ उमटते: या टॅबमधले सगळे निवडायचे का? ती दाबली की हजारो एकदम.

पण मी तसं करत नाही. रेल्वेचं तिकीट, फ्रिजच्या वॉरंटीची पावती, कधी हॉटेलचं बुकिंगही त्या टॅबमध्ये जाऊन बसलेलं मी पाहिलंय. एकेका पाठवणाऱ्याचं नाव शोधा, त्याचे सगळे निवडा, उडवा. सुरुवातीचे दहा-पंधरा बडे अपराधी काढले तरी ढीग निम्म्यावर येतो. उडवलेलं तीस दिवस ट्रॅशमध्ये राहतं, चूक झाली तर तिथून परत काढता येतं. जागा मात्र ट्रॅश रिकामा झाल्यावरच मोकळी होते. आउटलुक वापरणाऱ्यांना 'स्वीप' नावाचं बटण आहे. एका पाठवणाऱ्याचे जुने सगळे उडवून फक्त ताजा ठेवण्याची सोय त्यात आहे, आणि त्याबाबतीत ते जीमेलच्या पुढे आहे.

जे दुकान तोडवत नाही (माझ्यासाठी पुस्तकांचं) त्याच्यासाठी फिल्टर. शोधपेटीच्या उजव्या टोकाच्या खुणेवर टिचकी मारा, 'फ्रॉम' मध्ये त्याचा पत्ता लिहा, 'क्रिएट फिल्टर' दाबा, 'स्किप द इनबॉक्स' वर टिक करा आणि लेबल द्या. माझ्या लेबलचं नाव 'नंतर' आहे. महिन्यातून एकदा उघडतो. काही लोक 'अनसबस्क्राइब' हा शब्द असलेला प्रत्येक मेल असा बाजूला टाकण्याचा सल्ला देतात. तसं करायचंच असेल तर आधी शाळा, बँक आणि विमा यांचे पत्ते वगळा, कारण त्यांच्याही मेलच्या तळाशी तो शब्द असतो. आणि फिल्टरमध्ये 'डिलीट' कधीच निवडू नका.

पुढचा पत्ता देताना

जीमेलमध्ये पत्त्याच्या नावापुढे अधिक चिन्ह टाकून काहीही लिहिलं तरी मेल तुमच्याकडेच येतो. समजा पत्ता 'ताकभात' आहे, तर चपलांच्या दुकानाला 'ताकभात अधिक चपला' असा द्यायचा, किराण्याला 'ताकभात अधिक किराणा'. अर्थात इंग्रजी अक्षरांत, आणि 'अधिक' म्हणजे ते चिन्ह. उद्या चपलांच्या पत्त्यावर कर्जाची जाहिरात आली की पत्ता कुणी पुढे सरकवला ते कळतं, आणि तेवढ्या पत्त्यावर फिल्टर लावता येतो. काही संकेतस्थळं अधिक चिन्ह स्वीकारत नाहीत. तिथे मी खरेदीसाठी म्हणून उघडलेलं दुसरं खातं देतो.

मॉलमधल्या बिलाच्या रांगेत 'सर, नंबर? मेल?' असं विचारतात तेव्हा 'नाही देत' म्हणायला जीभ रेटत नाही, मागे रांग असते. पण मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही असा आग्रह दुकानांनी धरू नये, असं ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच व्यापाऱ्यांना सांगितलं आहे. 'बिल कागदावर द्या' एवढं म्हटलं तरी पुरतं.

एसएमएसची कटकट वेगळी, पण सोपी: १९०९ वर इंग्रजीत स्टार्ट, एक जागा सोडून शून्य, असा संदेश पाठवला की सगळ्या जाहिराती बंद करण्याची नोंद होते. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी डॅश देऊन पी असेल तर तो जाहिरातीचा, टी म्हणजे व्यवहाराचा, एस सेवेचा, जी सरकारी.

मेलमधली चित्रंही बंद करा. सेटिंग्ज, जनरल, इमेजेस, 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग'. जाहिरातीच्या मेलात नजरेला न दिसणारं एक इवलंसं चित्र असतं. ते उतरलं की मेल उघडल्याची खबर दुकानाला जाते, आणि उघडणाऱ्याला आणखी मेल येतात.

आता वही खोडायची

माझे वडील शेवटचं वर्षभर चार पायांची काठी घेऊन चालत. ती मीच ऑनलाइन मागवली होती, माझ्या खात्यावरून. ते वैशाखात गेले. त्या दिवाळीत, वसुबारसेला, एका दुकानाचा मेल आला: 'तुमच्या काठीसोबत हेही घ्या'. पायांना लावायची रबरी बुचं, चारचा संच, सणाची खास किंमत. काठी तेव्हा कपाटामागे उभी होती. तिची बुचं झिजलेलीच होती, हे खरं.

त्यात दुष्टपणा नव्हता. हिशेब होता. ॲमेझॉननं १९९८ च्या सुमारास जी पद्धत वापरात आणली आणि तिथल्या लिंडन, स्मिथ, यॉर्क या तिघांनी २००३ मध्ये जिच्यावर लेख लिहिला, ती माणसांकडे बघतच नाही. वस्तूंकडे बघते. ही वस्तू घेणाऱ्यांनी नंतर ती घेतली, मग तुम्हालाही तीच. आज बहुतेक दुकानांच्या शिफारशींमागे याच जातीचं काहीतरी असतं. काठी घेतली एवढं वहीत आहे. कुणासाठी घेतली, हा रकानाच नाही. भेटवस्तूंचे सल्ले म्हणूनच चुकतात. भाच्यासाठी एकदा रंगपेटी घेतली की तुम्ही पाच वर्षं रंगपेटीवाले होता, भाचा तोवर दहावीला गेलेला असतो.

म्हणून दुकानाच्या खात्यात जा. ॲमेझॉनवर 'ब्राउझिंग हिस्टरी' चं पान उघडा आणि नको त्या वस्तू एकेक काढा. ही नोंद पुरती बंदही करता येते. मग शिफारशी सुधारण्याच्या पानावर जा. तिथे आजवर घेतलेल्या वस्तूंची यादी असते आणि 'ही शिफारशींसाठी वापरू नका' असं वस्तूगणिक सांगता येतं. दुसऱ्यासाठी घेतलेलं सगळं तिथे बाद करा: सासूबाईंचा गुडघ्याचा पट्टा, शेजाऱ्यांच्या मुलाचं खेळणं, ऑफिसातल्या निरोपसमारंभाचं घड्याळ. बाकी दुकानांत शोधलेल्या शब्दांची यादी तरी पुसता येते, तीही पुसा. यापुढे कुणासाठी काही बघायचं तर लॉगिन न करता बघा आणि घेतानाच आत शिरा.

गूगलच्या जाहिरातींसाठी 'माय ॲड सेंटर' आहे, २०२२ पासून. तिथे जुगार, दारू, डेटिंग, वजन घटवणं, गर्भारपण व पालकत्व हे विषय कमी करायची सोय आहे. शेवटचा विषय ज्यांना बंद करावा लागतो त्यांना कारण विचारू नये. एखादीच्या बाबतीत तुम्हाला ते ठाऊक असेल, तर तिच्या फोनवर शांतपणे हे करून द्या.

दुकानं असं विचारू शकतात. ब्रिटनमधल्या ब्लूम अँड वाइल्ड या फुलं घरपोच करणाऱ्या कंपनीनं २०१९ मध्ये मदर्स डेच्या आधी ग्राहकांना विचारलं, की या दिवसाचे मेल तुम्हाला नकोत का? सुमारे अठरा हजार जणांनी 'नकोत' कळवलं. नंतर इतर दुकानंही तसं विचारू लागली. भाऊबीजेच्या आधी असं विचारणारा मेल मला अजून आलेला नाही. 'लाडक्या भावाला हॅम्पर' तेवढे येतात, ज्याचा भाऊ गेला त्यालाही आणि ज्याला भाऊच नाही त्यालाही. तोवर स्वतःच बंदोबस्त करा: त्या आठवड्यापुरता एक फिल्टर, 'भाऊबीज', 'भाई दूज', 'सिब्लिंग' हे शब्द मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही लिपी-स्पेलिंगांत टाकून, थेट 'नंतर' मध्ये.

कायद्याचं म्हणाल तर व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि दुकानांवरची बरीचशी बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, असं त्यात आहे. तोपर्यंत वरची बटणं.

मग भेट काय द्यायची?

आमच्या फोनवर एक साधी सामाईक नोंदवही आहे, बायकोची आणि माझी. वर्षभरात कुणाच्या तोंडून काही निसटलं की त्यात टाकायचं: नाव, वस्तू, महिना. दिवाळीच्या आधी ती उघडायची आणि मेलपेटी बंद ठेवायची. 'मेहुणा, रेनकोटची चेन तुटली, जुलै.' 'काकू, मोठ्या अक्षरातली दासबोधाची प्रत, मार्च.' गेल्या वर्षी मावशीच्या नावापुढे होतं: 'खलबत्त्याचा बत्ता हरवला, वेलची लाटण्यानं कुटते.'

ऑनलाइन शोधलं तर सगळीकडे अख्खा खलबत्ता. सुटा बत्ता कुठेच नाही. शेवटी पुण्यात तुळशीबागेत गेलो. दुकानदारानं माझं ऐकून घेतलं, तीन बत्ते काढून समोर मांडले आणि मग तिन्ही परत उचलून ठेवले.

"खल घेऊन या," तो म्हणाला. "मापाशिवाय बत्ता देत नाही मी."